दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करते. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की त्यातलं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं मात्र इतकं नेमकं चुकलंय की चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अणुअभियांत्रिकीत पीएचडी करण्याबद्दल मी लिहिलं होतं, जरा उत्साहातच. त्यावर तुमचं म्हणणं असं: अणुभट्टीचं शास्त्र 1970 च्या दशकातच शोधून संपलं, आता पोरं पाच-सहा वर्षं घालवून 'जुन्याच उत्तराला आणखी एक दशांश स्थळ चिकटवतात', नोकरीला मास्टर्स पुरतं, आणि माझ्यासारखे लोक तोटे झाकून पोरांना नादी लावतात. शेवटच्या ओळीत तुमच्या भाच्याचा उल्लेख आहे. लेख वाचल्यापासून त्याने पीएचडीचा धोशा लावलाय म्हणे. खरी कळ तिथे आहे असं दिसतं, आणि ती समजण्यासारखी आहे.

दशांश स्थळापासून सुरू करते, कारण हा टोमणा दुसऱ्या कुठल्याही विषयाला कदाचित लागू पडला असता. इथे नाही.

भट्टीत एका पिढीतल्या दर न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीत सरासरी किती न्यूट्रॉन येतात, त्या आकड्याला आम्ही के म्हणतो. के बरोबर 1 असला की भट्टी स्थिर चालते, कमी झाला की विझत जाते, जास्त झाला की तापत जाते. आता समजा के 1.001 झाला. तिसऱ्या स्थळावर एक. पाठ्यपुस्तकात न्यूट्रॉनच्या एका पिढीचं आयुष्य सेकंदाचा दहा हजारावा भाग धरतात, म्हणजे एका सेकंदात 10 हजार पिढ्या. 1.001 चा 10 हजारावा घात करून बघा, सुमारे 22 हजार येतो. एका सेकंदात शक्ती 22 हजार पट! असं खरंच होत असतं तर अणुभट्टी नावाची वस्तू कुणाला चालवताच आली नसती.

ती चालते ती विलंबित न्यूट्रॉनांमुळे. विखंडनातून, म्हणजे युरेनियमचा अणू फुटण्यातून, येणारे बहुतेक सगळे न्यूट्रॉन त्याच क्षणी बाहेर पडतात. पण युरेनियम-235 मध्ये साधारण 0.65 टक्के मागे रेंगाळतात. विखंडनातून ब्रोमीन, आयोडीन वगैरेंचे जे अस्थिर अणू तयार होतात, त्यांचा क्षय झाल्यावरच ते सुटतात. कुणी अर्ध्या सेकंदाने, कुणी जवळपास मिनिटाने. या रेंगाळणाऱ्या मूठभर न्यूट्रॉनांमुळे तीच 1.001 वाली भट्टी पावणेतीन पट व्हायला मिनिटभर घेते. मिनिटभरात माणूस विचार करू शकतो, नियंत्रक कांडी आत सरकवू शकतो. अट एकच: के 1.0065 च्या पुढे जाता कामा नये. ती रेघ ओलांडली की रेंगाळणाऱ्यांची गरजच उरत नाही आणि पुन्हा ते 22 हजारांचं गणित सुरू होतं.

म्हणजे भट्टीचं सगळं सुखरूप आयुष्य 1 आणि 1.0065 यांच्या मधल्या फटीत जातं. 2 डिसेंबर 1942 ला शिकागोत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींच्या चमूने पहिली साखळी प्रक्रिया चालवली तेव्हा के होता 1.0006 आणि शक्ती होती अर्धा वॅट. विलंबित न्यूट्रॉन 1939 मध्येच सापडले होते, आपल्या हातात किती वेळ आहे हे फर्मींना ठाऊक होतं. त्यामुळेच ते निवांत होते. आमच्या धंद्यात याच्यासाठी वेगळं मापच आहे, पीसीएम, म्हणजे एक लाखांश. 0.0065 म्हणजे 650 पीसीएम. 'तुझं उत्तर 300 पीसीएमनी का हललं?' हा प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये जितक्या गंभीर चेहऱ्याने विचारला जातो, तेवढ्या गंभीरपणे लग्नाच्या बोलण्यांमध्येही कुणी काही विचारत नसेल.

आता माझीच एक फजिती सांगते, म्हणजे त्या पाच-सहा वर्षांत नक्की काय शिकतात ते कळेल. दुसरं वर्ष. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजलेल्या एका जुन्या बेंचमार्कचं मॉडेल मी करत होते: पाण्यात उभ्या केलेल्या इंधनकांड्या, खोलीच्या तापमानाला, के बरोबर 1. माँटे कार्लो पद्धतीने कोट्यवधी न्यूट्रॉनांची आयुष्यं संगणकावर चालवायची आणि सरासरी काढायची. या पद्धतीत चूक दहापटीने कमी करायची तर न्यूट्रॉन शंभरपट लागतात, त्यामुळे संगणकांच्या क्लस्टरवर रात्र-रात्र काम पडून असायचं. एका सकाळी उत्तर आलं, प्रयोगापासून जेमतेम 40 पीसीएमवर. मी हर्षवायू झाल्यासारखी गाईडांकडे धावले. त्यांनी आकडा पाहिला, इनपुट फाइल मागितली आणि शांतपणे म्हणाले, "इतकं बरोबर यायला नको. का आलं ते शोधून आण."

शोधायला पाच आठवडे लागले. पाण्यातला हायड्रोजन रेणूत बांधलेला असतो, त्याच्यावरून मंद न्यूट्रॉन उसळतात ते सुट्या अणूवरून उसळल्यासारखे नाही. त्यासाठी वेगळा डेटा जोडावा लागतो. तो जोडणारी एक ओळ मी विसरले होते. शिवाय कांड्यांमधलं अंतर टाइप करताना एक अंक खाल्ला होता. एका चुकीने के काहीशे पीसीएम वर गेला, दुसरीने जवळजवळ तितकाच खाली आला, आणि दोघींनी मिळून मला सुंदर उत्तर दिलं. मास्टर्सच्या प्रोजेक्टमध्ये त्या 40 पीसीएमला पूर्ण गुण मिळाले असते. मिळालेच होते म्हणा, त्याआधीच्या एका कामात, आणि त्यात किती चुका एकमेकींना सांभाळून बसल्या असतील देव जाणे.

माझ्या मते पीएचडी एवढीच असते. आकडा काढणं नव्हे, तो कितीपर्यंत चुकलेला असू शकतो आणि कशामुळे, हे चार परीक्षकांसमोर उभं राहून सांगता येणं. तुम्ही ज्याला चिकटवलेलं दशांश स्थळ म्हणता, त्यावर हात ठेवून 'इथपर्यंत खरं, यापुढे माहीत नाही' असं म्हणणारं कुणीतरी लागतं.

सगळं 1970 च्या दशकात संपलं, यावरही बोलायला हवं. पण आधी त्याहून जुनी गोष्ट. सप्टेंबर 1944 मध्ये अमेरिकेत हॅनफर्डची बी भट्टी सुरू झाली. काही तास बरी चालली आणि मग कुणी हात न लावता तिची शक्ती आपोआप उतरू लागली, शेवटी ती पार थंडावली. थोड्या तासांनी परत जिवंत झाली आणि पुन्हा तेच. वेळेच्या हिशेबावरून भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांना विखंडनातून तयार होणाऱ्या झेनॉन-135 चा संशय आला. या झेनॉनचं अर्धआयुष्य 9 तासांच्या आसपास. मंद न्यूट्रॉन गिळायची त्याची भूक अशी, की युरेनियम-235 चा विखंडनाचा क्रॉस सेक्शन (न्यूट्रॉनसाठी अणू किती मोठं लक्ष्य आहे त्याचं माप, बार्न या एककात) 600 बार्नच्या आत, तर याचा 26 लाखांच्या घरात. ही शंका तपासताना कुणाचं काम हाताशी आलं? भौतिकशास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू यांचं. 1940 साली बर्कलीत पूर्ण झालेल्या त्यांच्या डॉक्टरेटचा एक भाग युरेनियमच्या विखंडनातून निघणाऱ्या किरणोत्सारी झेनॉनवर होता. ते काम चालू असताना तुमच्यासारख्या एखाद्या मामांनी विचारलं असतं, 'झेनॉनवर पीएचडी? त्याचं पुढे काय होणार?' तर त्यांच्याकडेही उत्तर नसतं.

त्या गोष्टीतली आणखी एक बाजू मला फार आवडते. भौतिकशास्त्रज्ञांच्या गणिताने इंधनाच्या 1500 नळ्या पुरेशा होत्या. अभियंते ऐकेनात, त्यांनी 2004 नळ्यांची जागा ठेवली. झेनॉनवर मात झाली ती त्या जादा नळ्यांत इंधन भरून. अज्ञानासाठी किती जागा सोडायची, हाही आमच्या विषयाचाच प्रश्न.

आणि 1970 च्या दशकानंतर काय? वितळलेल्या मिठात इंधन विरघळवलेली भट्टी अमेरिकेतल्या ओक रिजमध्ये 1965 ते 1969 चालली, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, 'तेव्हाच झालंय' याचा पुरावा म्हणून. झालं ना. पण त्यातून काय काय शिल्लक राहिलं ते बघा. इंधन वाहतं असलं की मघाचे रेंगाळणारे न्यूट्रॉन देणारे अणू पंपाबरोबर गाभ्याच्या बाहेर जातात आणि तिकडे नळीतच आपले न्यूट्रॉन सोडतात. त्या प्रयोगात 650 च्या आसपासच्या पीसीएममधला जवळपास तिसरा हिस्सा असा वाया गेला. फट आणखी अरुंद झाली. पुढे त्यांनी युरेनियम-233 वापरलं, त्याची फट मुळातच निम्म्याहून कमी. पंप अचानक बंद पडला तर? मिठाचं तापमान एका बाजूने बदललं तर? शिवाय विखंडनातून आलेल्या टेल्युरियममुळे नळ्यांच्या निकेलच्या मिश्रधातूला बारीक भेगा पडल्या, त्यावर आजही लोक प्रबंध लिहितात. फुकुशिमात 2011 ला झिर्कोनियम आणि वाफेच्या अभिक्रियेतून हायड्रोजन तयार झाला, तेव्हापासून इंधनाच्या आवरणांवर क्रोमियमचा मुलामा देण्याचं काम जोरात आहे. आणि तुम्ही म्हणता तसं फक्त कागद काळे करणंही नसतं: जगभर वापरला जाणारा सर्पेंट हा माँटे कार्लो कोड फिनलंडच्या व्हीटीटी संस्थेत 2004 मध्ये सुरू झाला, तो एका डॉक्टरेटच्या कामातूनच.

आता तुमचं बरोबर कुठे आहे ते.

नोकरीबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. भट्टी चालवायला पीएचडी लागत नाही, प्रशिक्षण आणि परवाना लागतो. सुरक्षा-विश्लेषण, डिझाइन, परवान्याची कागदपत्रं, किरणोत्सार संरक्षण, या बहुतेक कामांना मास्टर्स पुरतं, आणि चार वर्षं आधी कामाला लागलेला माणूस पगारात आणि अनुभवात पुढेच असतो. पीएचडी हवी ती राष्ट्रीय प्रयोगशाळेत संशोधनाला, शिकवायला, नवीन पद्धती किंवा कोड बनवायला. हे मी लेखात लिहायला हवं होतं. नाही लिहिलं, ही माझी चूक.

आणखीही काही लिहिलं नव्हतं. हा विषय सरकारांच्या लहरीवर चालतो. जर्मनीने शेवटच्या तीन अणुभट्ट्या 15 एप्रिल 2023 ला बंद केल्या; एखाद्याने पीएचडी सुरू केली तेव्हाचं धोरण ती संपेपर्यंत टिकेलच असं नाही. प्रायोगिक काम घेतलं तर त्याहून बिकट: धातूचे नमुने भट्टीत वर्ष-दोन वर्षं ठेवायचे, मग किरणोत्सार उतरेपर्यंत थांबायचं, मग हॉट सेलमध्ये, म्हणजे किरणोत्सार अडवणाऱ्या बंद खोलीत, जाड काचेआडून यांत्रिक हातांनी कापायचे. मधेच ती भट्टीच बंद पडली तर? नॉर्वेतली हाल्डनची संशोधन भट्टी 2018 ला कायमची बंद झाली. दुसऱ्या देशात जाऊन शिकणाऱ्याला आणखी एक भिंत लागते. काही प्रयोगशाळांचं दार आणि काही कोड केवळ नागरिकत्वामुळे बंद असतात, गुणवत्ता कितीही असो. हे चौथ्या वर्षी कळण्यापेक्षा अर्ज भरताना कळलेलं बरं.

तिसऱ्या वर्षाचं तर बोलूच नका. वर्ग संपलेले, प्रबंध दूर, बरोबरीचे लोक घरं घेत असतात आणि आपण एका ग्राफचं वळण का जुळत नाही म्हणून पहाटे तीनला स्क्रीनकडे बघत असतो. माझ्या बरोबरच्यांपैकी काहींनी तिथेच सोडलं. ते हुशारीत कमी होते असं अजिबात नाही. एक तर माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर होता. त्याला गाईड भेटला तो सहा-सहा आठवडे मेलला उत्तर न देणारा. विषयापेक्षा गाईड बघून घ्यावा, आणि गाईड बघायचा तर त्याच्याकडून सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांशी बोलावं, पास होऊन गेलेल्यांशी नव्हे. पास झालेले सगळं विसरतात. माझंच बघा ना, लेखात काय काय विसरले.

तुमच्या भाच्याबद्दल. त्याला 'करू नको' म्हणू नका, 'कर' असंही म्हणू नका. एक काम द्या. पॉइंट कायनेटिक्सची, म्हणजे भट्टीची शक्ती वेळेनुसार कशी बदलते ते सांगणारी, समीकरणं कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतील, विलंबित न्यूट्रॉनांच्या (किती उशिराने सुटतात त्यानुसार पाडलेल्या) सहा गटांचे आकडेही. शंभरेक ओळींचा प्रोग्राम लिहून के एकदम 100 पीसीएमनी वाढवून धक्का द्यायला सांगा. शक्ती आधी टुणकन थोडी उडते, मग सावकाश चढत जाते, तो ग्राफ त्याने स्वतः काढलेला असू दे. तो झाला की विचारा, इंधन वाहतं असेल तर समीकरणात काय बदलेल? यावर तो 'हे परीक्षेला आहे का' म्हणाला तर मास्टर्स करून सुखाने नोकरी करू दे, त्यात काहीच कमी नाही. पण दोन दिवसांनी स्वतःहून येऊन तुमचंच डोकं खायला लागला, तर मामा, तयारी ठेवा.

ग्राफ वेडावाकडा आला तर आधी एककं तपासायला सांगा. मिलिसेकंद आणि सेकंद यांची गल्लत माझीही पहिल्याच प्रयत्नात झाली होती.