चावी कोणाकडे?

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात झालेला वाद अजून माझ्या मनातून जात नाही. आमच्या समोरच्या घरातले कुटुंब शनिवारी दुपारी लग्नासाठी कोल्हापूरला गेले आणि रविवारी संध्याकाळी परतले. त्यांचा पाच वर्षांचा बीगल, ब्रूनो, तेवढा वेळ घरात एकटा होता. दोन भांड्यांत पाणी, ताटलीत कोरडे खाणे, पंखा चालू, दिवाणखान्यातला दिवा चालू आणि सोबत म्हणून टीव्हीही चालू, अशी सगळी तजवीज त्यांनी केली होती. रात्री दहाच्या सुमारास ब्रूनो भुंकू लागला आणि दोननंतर भुंकणे थांबून हेल काढून रडणे सुरू झाले, असे वरच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिले. त्यांच्या मुलाची सोमवारी परीक्षा होती.

पुढचे दोन दिवस गटावर दुसरा विषय नव्हता. पाळीव कुत्र्यांवर बंदीच घाला, असे एका बाजूचे म्हणणे होते. खाणे-पाणी ठेवले होते, पंखा लावला होता, आणखी काय करायला हवे होते, असे दुसरी बाजू विचारत होती. भुंकल्यावर झटका देणारा पट्टा बाजारात मिळतो, तो सोसायटीने सक्तीचा करावा, अशी सूचना एका सुशिक्षित गृहस्थांनी केली आणि तिला अनेकांनी पसंतीचे अंगठे दिले. आवाज किती झाला, कोणाची झोप मोडली, दंड किती असावा, यावर सगळे बोलले. ब्रूनोने ती रात्र कशी काढली असेल, हा प्रश्न मात्र कोणीच विचारला नाही.

मला ते सहन झाले नाही. मी राहते त्या स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून लिहिले की स्वीडनमध्ये घरातल्या कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर फिरवून आणणे मालकावर बंधनकारक आहे, आणि कुत्र्याला माणसाचा सहवास मिळालाच पाहिजे असे इथला नियम सांगतो. त्यावर आमच्या अध्यक्षकाकांचे उत्तर आले, "ज्यांच्या फ्लॅटला वर्षातले अकरा महिने कुलूप असते, त्यांनी बंद दाराआडच्या कुत्र्याविषयी इथे राहणाऱ्यांना शिकवू नये."

ते वाक्य मला लागले. मात्र लागले म्हणून माझा मुद्दा खोटा ठरत नाही, आणि तो इथे नीट मांडावा असे मला वाटते.

माझी कुत्री मैना चार वर्षांची आहे. कार्यालयात जायचे असते त्या दिवशी मी सकाळी सातला तिला हुंददागिसमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या पाळणाघरात, सोडते आणि पाचच्या आत आणते. घरून काम असते तेव्हा दुपारी बाराला आम्ही दोघी स्लॉट्सस्कूगेन उद्यानात चक्कर मारतो, मग पाऊस असो किंवा साडेतीनला अंधार पडणारा डिसेंबर असो. ट्राममध्ये ती मागच्या भागात माझ्या पायाशी बसते. त्वेत्तस्तूगाची, म्हणजे इमारतीतल्या सामाईक कपडे धुण्याच्या खोलीची, पाळीसुद्धा मी तिच्या फिरण्याच्या वेळा सांभाळूनच घेते. सुट्टीला जायचे ठरले की विमानाच्या तिकिटाआधी मैनाची सोय बघायची, हा क्रम इथल्या प्रत्येक कुत्रेवाल्या घरात पाळला जातो आणि त्यात कोणाला त्याग केल्यासारखे वाटत नाही. कुत्र्याला चिप बसवून किंवा गोंदवून त्याची सरकारदरबारी नोंद करणे इथे २००१ पासून सक्तीचे आहे. कुत्र्याची आबाळ होते आहे अशी शंका आली तर शेजारी तक्रार करू शकतात आणि निरीक्षक दारात येऊ शकतात.

भारतात कायदा नाही, असे समजू नये. प्राण्यांचा छळ रोखणारा आपला कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हा मालकाचा गुन्हा मानला आहे. कायद्यात लिहिलेला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये इतका आहे. जीवमात्राविषयी दयाभाव बाळगणे हे तर राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ज्या गृहस्थांना बंदी हवी आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे केंद्रीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे कुत्रे इमारतीत राहणारच आहेत. ते कसे राहतील, एवढेच ठरवणे आपल्या हाती आहे.

"आमच्या लहानपणी कुत्र्यांचे एवढे लाड कोणी केले नाहीत, तरी ती जगलीच ना," असेही गटावर एका काकूंनी लिहिले. मी वाईला आजोळच्या वाड्यात वाढले आणि आमच्याकडे मोत्या नावाचा कुत्रा होता. तो कधीही घरात झोपला नाही, त्याला कधी डॉक्टरकडे नेल्याचे मला आठवत नाही, आणि आम्ही सगळे लग्नाकार्याला चार-चार दिवस जात असू हेही खरे आहे. मात्र मोत्या कोंडलेला नसे. पडवी त्याची होती, बोळ त्याचा होता, आणि आम्ही बाहेर पडताच तो समोरच्या भागीरथीकाकूंच्या उंबऱ्याशी जाऊन बसे, तिथे त्याला दूधभाकरी मिळे. काकू त्याला रागे भरत आणि भाकरी कुसकरताना दूध कोमट आहे ना, हे बोटाने पाहत. दोन माणसांच्या नोकरीच्या घरात, सुरक्षा दाराच्या आत, चौथ्या मजल्यावर ठेवलेल्या कुत्र्याची मोत्याशी तुलना करणे चूक आहे. त्याला लघवीला जायचे झाले तरी दुसऱ्याच्या हाताने दार उघडावे लागते. शिस्त लावलेला कुत्रा घरात घाण करायला तयार नसतो, तो तासन्‌तास कळ सोसतो, आणि शेवटी नाइलाज झाला की कोपऱ्यात जाऊन अपराध्यासारखा उभा राहतो. बीगल तर कळपाने शिकारीला नेण्यासाठी जोपासलेली जात आहे, एकटेपणा तिच्या स्वभावातच नाही. टीव्हीचा आवाज त्याला माणूस वाटत नाही. जिन्यावर प्रत्येक वेळी पाऊल वाजले की तो उठून दाराशी जातो, पाऊल पुढे निघून जाते, आणि तो परत येऊन बसतो. शनिवारी दुपारपासून रविवारी संध्याकाळपर्यंत आपल्या जिन्यावर किती पावले वाजली असतील, याचा हिशेब अध्यक्षकाकांनी करावा.

आता जे मी गटावर लिहिले नाही, तेही लिहायला हवे.

मैना एक वर्षाची असताना मला एका दिवसासाठी स्टॉकहोमला जावे लागले. दुपारी एक विद्यार्थिनी येऊन तिला फिरवून गेली आणि संध्याकाळी सहाला मी परतणार होते. बर्फामुळे गाडी वाटेत अडकली. मी डब्यात बसून फोनमधली नावे वरून खाली वाचत गेले आणि माझ्या लक्षात आले की या शहरात सहा वर्षे काढूनही माझ्या घराची चावी एकाही माणसाकडे नाही. विद्यार्थिनी दुपारी चावी टपालाच्या फटीतून आत टाकून गेली होती, तसे मीच तिला सांगितले होते. महाराष्ट्र मंडळातली माझी ओळखीची माणसे गणपतीत आणि दिवाळीत भेटणारी, शिवाय सगळी शहराच्या दुसऱ्या टोकाला. रात्री पावणेबाराला मी दार उघडले. मैनाने खुंटीवरचा माझा जुना स्वेटर ओढून खाली पाडला होता आणि त्याची एक बाही तोंडाशी धरून ती दाराला लागून पडली होती. पायपुसणे ओले होते. ती उठून माझ्याकडे आली नाही. शेपूट जमिनीवर एकदा आपटून तिने मान परत खाली ठेवली. जवळजवळ अकरा तास झाले होते.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वृद्ध बाईंनी बेल वाजवली. सहा वर्षांत आम्ही एकमेकींना 'हे' आणि 'हे दो', म्हणजे नमस्कार आणि येते, यापलीकडे काही बोललो नव्हतो. मला वाटले, आता तक्रार होणार. त्यांनी हात पुढे केला आणि चावी मागितली. त्यांचा स्वतःचा कुत्रा गेल्याला दोन वर्षे झाली होती. त्या दिवसापासून मैनामुळे मला या इमारतीत नाव मिळाले. त्याआधी मी इथे नियम पाळणारी भाडेकरू होते. म्हणून सहा तासांचा नियम मी मानते, पण तो नियम कागदावर असतानाही माझी मैना अकरा तास एकटी होती, आणि तिची सुटका ज्या गोष्टीने झाली ती गोष्ट पुण्यात प्रत्येक जिन्यावर आहे, असे मी धरून चालले होते. चार पावलांवर माणसे असताना, ज्यांच्याकडे मुले सांभाळायला देतात, विरजण मागतात, गॅसचा सिलिंडर ठेवून घ्या म्हणतात, त्यांच्यातल्या एकाच्या हाती चावी देणे समोरच्या कुटुंबाला का जमले नाही, हा माझा खरा संताप होता.

त्यानंतरच्या रविवारी मी पुण्यातल्या समोरच्या घरच्या वहिनींना फोन केला. हा फोन मी गटावर लिहिण्याआधी करायला हवा होता. कारण माझ्या आईच्या घराची चावी सात वर्षे त्यांच्याकडेच होती. आई रात्री न्हाणीघरात पडली तेव्हा दार वहिनींनी उघडले, रुग्णवाहिका त्यांनी बोलावली, आणि मी विमानात बसेपर्यंत आईच्या उशाशी त्या बसून होत्या. अशा माणसाला मी सगळ्यांसमोर स्वीडनचा नियम वाचून दाखवला होता.

वहिनी रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. परत आल्यावर ब्रूनो दोन दिवस जेवला नाही, असे त्यांनी सांगितले. दाराच्या आतल्या बाजूचा रंग त्याने नखांनी उकरून काढला होता. मी विचारले, "वहिनी, कोणाकडे तरी ठेवायचे होते ना त्याला." त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मजल्यावर दोनच घरे, ताई. वरच्यांना कुत्रा चालत नाही, खालचे भाडेकरू दर सहा महिन्यांनी बदलतात. आम्ही गावाला गेलो की ब्रूनो तुमच्या आईंकडेच राहायचा. रात्रीसुद्धा."

मला हे माहीत नव्हते. व्हिडिओ कॉलवर तो कधीकधी आईच्या खुर्चीमागे दिसे, आला असेल फिरत असे मला वाटे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिने कसलीही जबाबदारी अंगावर घेऊ नये असे मी तिला बजावले होते, म्हणून तिने सांगितले नसावे. तिला जाऊन दीड वर्ष झाले. तेव्हापासून घर बंद आहे, आणि चावी माझ्या इथल्या कपाटात, पासपोर्टच्या पाकिटात आहे.

"अजून फिरायला काढला की आधी तुमच्या दाराशी जातो," वहिनी म्हणाल्या, "खालच्या फटीला नाक लावतो आणि थांबतो. ओढून न्यावे लागते."