बंपरखालची भानगड

अमेरिकेतल्या उपनगरात मिनीव्हॅन बाळगणाऱ्या मराठी घरात कधी ना कधी ‘मागे हिच लावून घेऊ या’ हा विषय निघतोच. हिच म्हणजे ट्रेलर ओढायला किंवा सायकल-रॅक अडकवायला मागच्या बंपरखाली बसवायचा लोखंडी सांगाडा. निमित्त पोरांच्या सायकलींचं असतं, घर बदलायचं असतं, नाहीतर समोरच्याने लावलेली असते. तिसरं कारण सगळ्यांत बळकट. कामाला ताकद लागेल म्हणून मंडळी शनिवारी सकाळी भरपेट पोहे हाणून गाडीखाली शिरतात. माझ्या मते ताकदीची गरज सगळ्यांत शेवटी पडते. त्याआधी कागदावरचा सर्वांत लहान आकडा हुडकावा लागतो आणि हातातली सर्वांत लहान वस्तू हरवू द्यायची नसते. या दोन्ही बाबतींत आपली पूर्वपीठिका फारशी उज्ज्वल नाही.

आधी आकडा. हिचचे ताकदीप्रमाणे वर्ग असतात. वर्ग तीनची हिच खोक्यातून निघते तेव्हा तिच्यावर ५,००० पौंड असं काहीतरी ठसठशीत छापलेलं असतं आणि आपली छाती फुगते. ती ताकद हिचची झाली, गाडीची नव्हे. टोयोटा सिएनाचंच बघा. २०२० पर्यंतची व्ही-सिक्स (सहा सिलिंडरच्या इंजिनाची) सिएना ३,५०० पौंड ओढायची. २०२१ पासूनची हायब्रिड १,५०० ओढते. नाव तेच, दिसायला उलट जास्त दांडगी, आणि कुवत निम्म्याहून कमी. भाड्याने मिळणारा पाच बाय आठ फुटी बंद ट्रेलर रिकामाच ९०० पौंडांचा असतो. म्हणजे हायब्रिडवाल्याला सामानासाठी उरले ६००. एक फ्रिज, एक सोफा आणि पुस्तकांची खोकी चढवली की हिशेब आटोपला. बॉल माउंट (हिचमध्ये सरकवायची दांडी), तिच्यावरचा बॉल आणि त्या बॉलवर बसणारा ट्रेलरचा कपलर या प्रत्येकावर आपापला आकडा कोरलेला असतो. त्या सगळ्यांत जो लहान, तोच खरा. बाकीचे शोभेला.

दुसरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिथे लिहिलेलं असतं. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या पाठीवर येतो. त्याला टंग वेट म्हणतात. समजा स्टिकर म्हणतो १,२०० पौंड. सहा माणसं सरासरी १५० पौंडांची धरली (ही दिवाळीच्या आधीची सरासरी), तर ९०० झाले. आई-बाबांच्या तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा, दोनशेच्या वर. ३,००० पौंडांच्या ट्रेलरचं टंग वेट कमीत कमी ३००. बेरीज १,४००. ट्रेलर अजून जागचा हललेलाही नाही आणि गाडी दोनशेने पाण्याखाली. कुणाला तरी ट्रेलरमध्ये बसवायचा तोडगा सुचला असेल तर तो बोलूनही दाखवू नका.

रिसीव्हर, म्हणजे हिचचं चौकोनी भोक, सव्वा इंची घ्यावं की दोन इंची? तुमच्या गाडीसाठी दोन इंची मिळत असेल तर डोळे मिटून दोन इंची. सव्वा इंचीत अनेक सायकल-रॅक दोन सायकलींवर थांबतात आणि तिसरं पोर रस्त्यावर. ‘अडॅप्टर लावू की’ म्हणणारा एक मित्र असतोच. अडॅप्टरने भार आणखी मागे सरकतो, तरफ वाढते आणि आधीच कमी असलेली क्षमता आणखी घटते. शिवाय भोकात घातलेली दांडी अडकवायची पिनही वेगळी : सव्वा इंचीला अर्धा इंची, दोन इंचीला ५/८ इंची.

डीलरकडे विचारलंत तर तो वॉरंटीचा बागुलबुवा दाखवील. केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून वॉरंटी रद्द करता येत नाही, हे १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ठरवून टाकलंय. मात्र १,५०० च्या गाडीने ३,००० ओढून गिअरबॉक्स जाळलात तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

आता गाडीखाली. मागची चाकं उचललीत तर जॅकवर भरवसा नको, खाली जॅक स्टँड हवेतच. पहिला अडथळा सायलेन्सरचा. तो रबरी कड्यांना टांगलेला असतो आणि ही कडी दहा वर्षांच्या उन्हा-बर्फाने दगड झालेली असतात. साबणाचं पाणी शिंपडा, पक्कडीने पिळत पिळत सरकवा. सायलेन्सरला आधी पट्ट्याचा आधार द्या, नाहीतर सगळं वजन पुढच्या लवचीक पाइपवर येतं आणि हिचच्या खर्चात नव्या एक्झॉस्टची भर पडते.

खरी परीक्षा फिश वायरची. अनेक गाड्यांच्या चासीत भोकं तयार असतात, पण आत नट नसतो. बोल्ट आतून खाली यायला हवा आणि आत तर बोटही शिरत नाही. म्हणून किटमध्ये एक तार येते, तिच्या एका टोकाला स्प्रिंगसारखे वेटोळे. वेटोळ्याचं टोक बोल्टच्या भोकातून आत घालायचं आणि चासीतल्या मोठ्या भोकातून बाहेर काढायचं. तिथे तारेत आधी चौकोनी भोकाची पट्टी ओवायची, मग वेटोळ्यात बोल्टचे आटे फिरवायचे. पट्टी आत ढकला, मागोमाग बोल्ट, आणि तार हळूच ओढा. हे सुईत दोरा ओवण्यासारखंच आहे. फक्त सुई डोक्यावर आहे, डोळ्यांत गंज पडतोय आणि दोरा उलटा आपल्याला ओढतोय.

इथे घाई केली की बोल्ट तारेतून सुटतो आणि चासीच्या पोटात जातो. लांब दांडीच्या चुंबकाने निघाला तर नशीब. नाही निघाला तर गाडी विकेपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरवर तो खुळखुळणार आणि मागच्या सीटवरून ‘कसला आवाज येतोय?’ असं विचारलं जाणार. पट्टीच्या चौकोनात बोल्टची मान नीट बसली नाही तर नट आवळताना बोल्टही सोबत गरगर फिरतो. हिच वर चढेपर्यंत तारा काढायच्या नाहीत. हिचच्या भोकांतून त्या ओवून घ्यायच्या आणि मगच एकेक नट लावायचा. हिचचं वजन ४० पौंडांच्या आसपास. छातीवर पेलायचा अट्टहास नको, दुसरा माणूस किंवा जॅक घ्या.

ज्या गाड्यांत नट वेल्ड केलेले असतात, त्यांचे मालक स्वतःला भाग्यवान समजतात. बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर दोन हिवाळे काढलेल्या नटाचे आटे पाहिले की तो समज जातो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, तारेच्या ब्रशने साफ करा, आणि प्रत्येक बोल्ट आधी हातानेच फिरवा. हाताने फिरत नसेल तर पाना लावून आटे मारू नका.

सगळे बोल्ट सैल लागल्यावर टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना. हिचसोबतच्या पत्रकात या जोराची दोन एकके छापलेली असतात आणि गोंधळ तिथेच होतो. ८० फूट-पौंड म्हणजे १०८ न्यूटन-मीटर. फूट-पौंडाच्या रेंचवर १०८ लावलंत तर बोल्ट तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आवळला जातो. मग तो ताणला तरी जातो किंवा आतला वेल्डचा नट सुटून फिरू लागतो.

वायरिंगमध्ये चार तारा : पांढरी अर्थिंगची, तपकिरी टेललाइटची, पिवळी डावीकडच्या आणि हिरवी उजवीकडच्या इंडिकेटर-ब्रेकची. ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यात असतात; आपल्या गाडीत इंडिकेटर पिवळा आणि वेगळा असेल तर मध्ये ते दोन्ही एकत्र करणारा कन्व्हर्टर लागतो. त्याची एक तार पार पुढच्या बॅटरीपर्यंत न्यायची, एक्झॉस्टपासून लांब, आणि फ्यूज सगळ्यांत शेवटी घालायचा. पांढरी तार रंगावरच स्क्रूने आवळली तर अर्थिंग मिळत नाही. मग डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचे सगळे दिवे मिळून लुकलुकतात. रंग खरवडून पत्रा उघडा करा. आतलं प्लॅस्टिक परत बसवण्याआधी दिवे तपासा, कारण त्या क्लिपा दुसऱ्यांदा काढताना हमखास मोडतात.

बॉलबद्दल मात्र विनोद नाही. १ ७/८ इंची बॉल दोन इंची कपलरमध्ये बसतो, खटकाही लागतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात ट्रेलर उडून बाहेर येतो. कपलर लावल्यावर ट्रेलरचा जॅक थोडा वर फिरवा. गाडीचं बूड सोबत उचललं गेलं तरच जोड खरा. ट्रेलरच्या साखळ्या कपलरखाली फुली करून हिचला अडकवायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर त्यांच्यावर अडकतो, रस्त्यात रुतत नाही. साठ टक्के सामान ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्यात. तरीही मागे डुलायला लागला तर ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलर जिकडे जायला हवा, तिकडे हात न्यायचा. आजूबाजूला उभ्या असलेल्या सल्लागारांना मात्र आधी घरात पाठवा.

काम झालं की बॉल माउंट काढून डिकीत टाका. तो बाहेर ठेवणाऱ्याला एकतर चोर भेटतो, नाहीतर अंधारात डिकी उघडायला गेलेला पाहुणा. पाहुण्याची नडगी बरोबर त्याच उंचीवर असते.