‘तीन हजारांत शिकारी कॅमेरा’: त्या मेसेजमधलं किती खरं?

आठवड्याभरात हा मेसेज मला चार ठिकाणांहून आला. भावकीच्या ग्रुपवर, पाणीवाटपाच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आणि शेवटी आमच्या दाजींकडून खासगीत. मजकूर असा:

“शेतकरी बांधवांनो, बिबट्या-डुकराला घाबरू नका! फक्त ३,००० रुपयांत शिकारी कॅमेरा. ४८ मेगापिक्सेल, ४के व्हिडिओ. रात्री १२० फुटांपर्यंत दिसतं. ०.१ सेकंदात फोटो. एकदा सेल टाकले की वर्षभर बघायला नको. घरबसल्या मोबाइलवर लाइव्ह. महागडे कॅमेरे म्हणजे नुसती लूट. जनावराची वाट कळली की बंदोबस्त सोपा. आपल्या रानात लावायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. पुढे पाठवा.”

दाजींना विचारलं, तुम्ही घेतलाय का? म्हणाले, “नाही रे, आला म्हणून ढकलला पुढं.”

मी घेतलाय, एक सोडून दोन. पहिला साडेतीन हजारांचा, दुसरा त्याच्या चौपट किमतीचा. जुन्नर तालुक्यात ओढ्याच्या कडेला आमचा ऊस आहे. वीज रात्रीची आली की मोटर चालू करायला बॅटरी घेऊन बांधावरून जावं लागतं. त्या बांधावर आपल्याआधी कोण चालून गेलंय, एवढंच मला बघायचं होतं. तेव्हा मेसेजमधलं एकेक वाक्य धरूनच बोलू.

आधी ‘शिकारी’ हा शब्द. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर मोठ्या शिंगांचं हरीण छापलेलं होतं, आपल्याकडचं नव्हे, अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे हे कॅमेरे मुळात तिकडच्या शिकाऱ्यांसाठी निघाले. हंगामाच्या आधी रानात बांधून ठेवायचे आणि हरणं कुठून, किती वाजता फिरतात ते हेरायचं. तिकडंही यावरून वाद झालेत. अ‍ॅरिझोना राज्यानं १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामी हे कॅमेरे वापरायला बंदीच घातली. आपल्याकडं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारच बंद आहे. कॅमेरा विकत घेणं हा गुन्हा नाही, पण जाहिरातीचं नुसतं भाषांतर होऊन ती आपल्या मोबाइलवर आली की शब्द कसे फसवतात ते शेवटी दिसेलच.

“४८ मेगापिक्सेल.” साफ खोटं म्हणता येणार नाही, पण खरंही नाही. एवढ्या किमतीच्या कॅमेऱ्यात बसवलेला सेन्सर बहुतेक वेळा याच्या पाव हिश्शाचाही नसतो. बाकीचे ठिपके कॅमेरा हिशेबानं मधेमधे भरतो. कणीक तेवढीच, पोळी पातळ लाटली इतकंच. खात्री करायची तर बांधावर जायचीही गरज नाही. युरियाची रिकामी गोणी दहा पावलांवर टांगा, एक फोटो सगळ्यात वरच्या सेटिंगला काढा, एक १२ मेगापिक्सेलला, एक ८ ला. मी काढले. गोणीवरची बारीक अक्षरं तिन्हींत सारखीच धूसर होती. फरक पडला तो फाइलच्या आकारात. आणि मोठी फाइल कार्डावर लिहायला कॅमेऱ्याला वेळ लागतो, तेवढ्यात पुढचं जनावर निघून जातं. म्हणजे ४८ वर ठेवून तोटाच. ४के व्हिडिओचं गणितही याच धर्तीचं, आणि रात्रीचा व्हिडिओ सेल किती खातो ते पुढं येतंच.

“रात्री १२० फूट.” इथं दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात. कॅमेऱ्यातले दिवे कुठवर उजेड टाकतात हे एक, आणि जनावर आल्याचं कॅमेऱ्याला किती लांबून कळतं हे दुसरं. कळण्याचं काम एक उष्णता ओळखणारा सेन्सर करतो. आजूबाजूपेक्षा कमी-जास्त गरम असलेलं काही समोरून सरकलं की तो कॅमेऱ्याला जागं करतो. त्याचा पल्ला दिव्यांच्या पल्ल्यापेक्षा कमी असणं नेहमीचं. त्यातही जनावर आडवं गेलं तर लवकर कळतं, सरळ कॅमेऱ्याकडं चालत आलं तर उशिरा. आणि हवाच जनावराच्या अंगाइतकी तापलेली असेल तर त्याला फरकच कळत नाही. आमच्याकडं रात्री गार होतात म्हणून निभतं, पण विदर्भात मे महिन्यातल्या संध्याकाळी हाच कॅमेरा समोरून गेलेल्या डुकराला बघणारही नाही.

उलटंही होतं. भर दुपारी तापलेली उसाची पात वाऱ्यावर हलली की कॅमेरा तिलाच जनावर समजतो. पहिल्या आठ दिवसांत माझ्या कार्डावर १,८०० च्या वर फोटो होते. सगळे बघितले, रात्री दीड वाजेपर्यंत जागून. ऊस, ऊस, ऊस, मी स्वतः, ऊस, शेजारच्यांचं कुत्रं, ऊस. तेव्हापासून कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला ठेवतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन भिंगावर येत नाही, आणि समोरची दोन-तीन मीटर जागा विळ्यानं साफ करतो. उंची गुडघ्याएवढी. खोक्यावरच्या चित्रात कॅमेरा कंबरेच्या वर बांधलेला आहे, तो हरणासाठी. बिबट्या त्याच्या खालून जाईल.

उजेडाचं म्हणाल तर दिवे दोन जातींचे येतात. ८५० नॅनोमीटरचे, ज्यांचा अंधारात मंद लाल ठिपका दिसतो, आणि ९४० चे, जे माणसाला दिसत नाहीत. न दिसणारे घेतले तर कॅमेरा चोराच्या नजरेला पडत नाही, पण फोटो अंधारा येतो आणि पल्ला घटतो. दोन्ही एकत्र मिळत नाही. १२० फुटांवरचा फोटो म्हणजे काळ्यावर दोन चमकते डोळे. कुत्रं, कोल्हा की बिबट्या, ज्याला जे बघायचं ते दिसतं.

“०.१ सेकंदात फोटो.” माझा सगळ्यात जास्त राग या वाक्यावर. बिबट्या रमत चालला तरी सेकंदाला साधारण एक मीटर जातो. तीन मीटरवरच्या वाटेचा कॅमेऱ्यात जेमतेम तीन मीटरचा तुकडा मावतो. कॅमेरा खरोखर दहाव्या हिश्शात जागा झाला असता तर मला बिबट्याची मिशी दिसली असती. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यानं मला शेपट्या दिल्या. एकूण नऊ. दाजी त्याला ‘शेपट्यांचा अल्बम’ म्हणतात.

पण त्याहून महत्त्वाचा आकडा मेसेजमध्ये नाहीच: एक फोटो काढल्यावर दुसऱ्याला तयार व्हायला किती वेळ लागतो? माघात एका पहाटे ४ वाजून १२ मिनिटांनी बांधावरून एक मादी गेली. स्वस्त कॅमेऱ्यात तिचं मागचं अंग आलं आणि पुढं काहीच नाही. त्याच बांधावर वीस पावलं पुढं दुसरा कॅमेरा होता. त्यात ती आहे, आणि तिच्या मागं दोन पिल्लं. एकच कॅमेरा असता तर मी गावात सांगत सुटलो असतो की एकटा बिबट्या आहे, निघून जाईल. पिल्लांची मादी उसात आहे हे कळणं आणि न कळणं यात ऊसतोडीच्या टोळीच्या दृष्टीनं केवढा फरक आहे हे सांगायला नको.

घरी तपासायचं तर कॅमेरा पडवीत लावा आणि तीन मीटरवरून नेहमीच्या चालीनं आडवे जा, एकदा दिवसा, एकदा रात्री, दिवे घालवून. लगेच मागून घरातल्या कुणालातरी चालायला लावा. तुम्ही फोटोत मधोमध आहात की कडेला, दुसरा माणूस आलाय की नाही, आणि रात्रीच्या फोटोत तोंड ओळखू येतं की नुसता धूर दिसतो, हे बघा. परत करायची मुदत असते तोवर हे करून मोकळं व्हायचं.

“सेल वर्षभर.” दिवसाला चार-दोन फोटो, व्हिडिओ बंद, अशा हिशेबानं काढलेलं वर्ष आहे ते. रात्रीच्या प्रत्येक फोटोला दिवे पेटतात आणि सगळी शक्ती तिथंच जाते. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते स्वस्त सेल इथं चालत नाहीत; दिवसा फोटो येतात आणि रात्र झाली की कॅमेरा मान टाकतो. अल्कलाइन लागतात, बहुतेक वेळा आठ. चार्ज करायचे सेल १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ चे, आठ सेलांत मिळून १२ ऐवजी ९.६ व्होल्ट होतात आणि काही कॅमेरे ते भरलेले असूनही ‘सेल संपले’ म्हणून बंद होतात. घेण्याआधी माहितीपत्रकात बघा. त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल मात्र चुकूनही भरू नका, कॅमेरा जळेल. पावसाळ्यात काढून आणलात तर सेल बाहेर काढूनच ठेवा. माझ्या एका कॅमेऱ्यात ते पाझरले, आणि दुसऱ्यात चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट न बसल्यानं मुंग्यांनी अंडी घातली. यातलं काही कुठल्या जाहिरातीत नसतं.

“घरबसल्या लाइव्ह.” नाही, नाही आणि नाही. ३,००० च्या कॅमेऱ्यावर ‘वायफाय’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की कॅमेऱ्यापासून काही फुटांवर उभं राहून मोबाइलवर फोटो उतरवता येतात. बिबट्याचा फोटो बघायला बिबट्याच्या वाटेवर जाऊन उभं राहायचं! सिमचे कॅमेरे वेगळे येतात आणि ते महाग असतात. त्यातही जुने स्वस्त माल टूजी-थ्रीजीचे आहेत. जिओला टूजी कधी नव्हतंच, त्यामुळे ते सिम त्यात मुकं. परदेशातून कुणी भाच्यानं आणून दिला तर ४जी असूनही आपले बँड, म्हणजे इथल्या मोबाइल कंपन्यांचे लहरींचे पट्टे, त्यात आहेत का ते बघावं लागतं. जिओचे ३, ५ आणि ४०. आणि सगळं जुळलं तरी येतो तो एक लहानसा फोटो, जनावर गेल्यावर मिनिटभरानं, तोही रानात रेंज असेल तर. आमच्या ओढ्यात साधा फोन लागत नाही.

“महागडे म्हणजे लूट.” इथं मी अर्धा मेसेजच्या बाजूनं आहे. गोठ्यापाशी कोण येतंय एवढंच बघायचं असेल तर स्वस्त कॅमेरा पुरतो: जागा ठरलेली, अंतर कमी, जनावर थबकतं. बांधावरचा कॅमेरा चोरीला जाण्याची भीती असेल तरी स्वस्तच बरा. पण ‘आमच्या शिवारात सात बिबटे’ असं सांगायचं असेल तर थांबा. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या अंगठ्यासारखे, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत, आणि त्याच्या डाव्या कुशीचे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. म्हणून गणतीत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते, ते याच पद्धतीनं. अकोल्याच्या उसाच्या पट्ट्यात अशाच कॅमेऱ्यांवरून झालेला अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. त्यात १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ प्रौढ बिबटे निघाले, आणि तेवढेच तरस. (अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे.) एकाच बाजूच्या कॅमेऱ्यात सात रात्री सात फोटो आले तर तो एकच बिबट्या सात वेळा गेलेला असू शकतो.

तारखेचंही एक. कॅमेरा अनेकदा महिना आधी, दिवस नंतर अशी अमेरिकी पद्धत धरून येतो. ०५/१२ म्हणजे ५ डिसेंबर नव्हे, १२ मे. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपवर ‘कालचा’ म्हणून फिरलेला फोटो सात महिने जुना होता.

आता “वाट कळली की बंदोबस्त सोपा.” बंदोबस्त म्हणजे काय, हे मेसेज सांगत नाही आणि वाचणाऱ्याला बरोबर कळतं. तारेचा फासा, नाहीतर कुंपणात सोडलेला करंट. वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फासा लावणं, विष घालणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हे सगळं शिकारीतच मोडतं. बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि दंड किमान २५,००० रुपये. ज्या कॅमेऱ्यानं वाट दाखवली, त्याचंच कार्ड मग तुमच्याविरुद्ध पुरावा. डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्या अडकतो, आणि डुकरासाठी सोडलेल्या करंटनं पहाटे पाणी धरायला गेलेला शेजारी मरतो. पिंजराही गावानं आपल्या मनानं लावायचा नसतो. ते काम वनखात्याचं. फोटोचा उपयोग तिथं करा: तारीख, वेळ, जागा सांगून वनरक्षकाला दाखवा, नाहीतर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. बिबट्यानं तुमचं जनावर मारलं असेल तर पंचनामा होईपर्यंत ते हलवू नका.

“कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.” सातबाऱ्यावर तुमचं नाव असलेल्या रानात, हो, खरंय. ओढ्यापलीकडं वनखात्याची हद्द लागते तिथं नाही, आणि अभयारण्यात तर फोटो काढायलाही परवाना लागतो. पण परवानगीपेक्षा वेगळीच एक गोष्ट आहे. माझ्या कार्डावर बिबट्यापेक्षा बायका जास्त होत्या. गवताचे भारे घेऊन जाणाऱ्या, आणि कोप्यांवरच्या, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवरच्या ऊसतोड बायका, पहाटे अंधारात बांधाकडं येणाऱ्या. ते फोटो मी पुसले, कॅमेरा ओढ्याच्या बाजूला सरकवला आणि मुकादमाला सोबत नेऊन कुठं लावलाय ते टोळीला दाखवलं. टोळीतल्या एका आजींनी विचारलं, “बिबट्या बगाया लावलाय नव्हं? मग रात्री काय दिसतंय ते आमाला सकाळी सांगत जा.”

आता रोज नऊ वाजता, चांगलं उजाडल्यावर, मोठ्यानं बोलत जाऊन कार्ड काढतो आणि आधी कोप्यांवर जातो. ग्रुपवर फोटो टाकत नाही. टाकला की संध्याकाळी बांधावर वीस मोटारसायकली उभ्या असतात.