भडंगाला पाणी किती लागतं?

सांगलीत पाणी मोजायला कुणाला शिकवावं लागत नाही. ऑगस्ट उजाडला की माणूस चहाच्या आधी विचारतो, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलंय, आणि समोरचा फूट-इंचात सांगतो. वर कोयनेतनं किती सोडलंय तेही सांगतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, हे सगळं इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. आयर्विन पूल १९२९ साली रहदारीसाठी बांधला म्हणतात. पावसाळ्यात त्यावर उभ्या असलेल्या गर्दीकडं बघून तो पाणी वाचायलाच बांधला असावा असं वाटतं.

याच सांगलीकराला विचारा, "तुमच्या मीटरवर किती आहे?" तो आधी म्हणणार, "कुठला, लाइटचा का?"

माझं भडंगाचं दुकान आहे. मागं कारखाना. कारखाना म्हणजे एक भट्टी, दोन कढया, मसाल्याचे डबे आणि या सगळ्यांवर हुकूमत गाजवणाऱ्या एक मावशी. बाहेरच्यांसाठी सांगतो, भडंगाला पाणी लागत नाही. तेल लागतं, लसूण लागतो, शेंगदाणे, कढीपत्ता, तिखट लागतं. पाण्याचा थेंब पडला की चुरमुरे सादळले, माल गेला. ओल्या हातानं कुणी पोत्याजवळ गेलं तर मावशी उलथनं उगारतात. आमच्या धंद्यात पाणी हा शत्रुपक्ष. कढया धुवायच्या, हातपाय धुवायचे, कामगारांचा चहा, संपलं.

पण नळाचं कनेक्शन व्यावसायिक. म्हणजे दर घरगुतीपेक्षा चढा. दिवसभर गाड्या धुणारा सर्व्हिसिंगवाला आणि पाण्याला घाबरून जगणारा मी, दोघांच्या बिलावर तोच एक शब्द. बरं, तेही सोसलं असतं. पण आमची भट्टी पहाटे पेटते आणि दुपारी शटर खाली येतं. मीटर रीडर नेमका त्या वेळी येतो. 'जागा बंद' असा शेरा मारून जातो आणि मग बिल येतं सरासरीनं. सरासरी कशाची, हे विचारायचं नसतं. विचारलं की उत्तर येतं, "सिस्टीमच काढते."

त्यावर उपाय एकच. रीडिंग आपण घ्यायचं, फोटो काढायचा, फॉर्म भरून ऑफिसात द्यायचा.

मीटर आमच्या पायरीलगतच्या खड्ड्यात आहे. वर शहाबादी फरशी. ती उचलायला दोघं लागतात आणि ठेवताना बोटं सांभाळणारा तिसरा. आत बघावं तर कोळ्याचं जाळं, दोन गोगलगायी आणि मातीत गळ्यापर्यंत रुतलेला पितळी मीटर. २०१९ च्या महापुरात आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा हा गृहस्थ कितीतरी दिवस कृष्णेच्या तळाशी बसून होता. अख्खी नदी दुकानात शिरली, पोती पोहली, काउंटर शेजारच्यांच्या दारात जाऊन लागला. मीटर मात्र एका लिटरनंही सरकला नाही. कारण ते पाणी पाइपातनं आलं नव्हतं. एवढा तत्त्वाचा पक्का माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

झाकण उघडलं की काच. काचेला आतून दव धरलेलं, त्यामुळं बाहेरून कितीही पुसा, समाधान फक्त पुसणाऱ्याचं. अंग वाकडं करून, टॉर्च तिरका धरून बघितलं की आकडे दिसतात. काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे एक आकडा पुढं सरकला की हजार लिटर झाले. लाल आकडे त्याच्या खालच्या लिटरांचे. बिल काळ्यांवर होतं. शेजारी एक इवलीशी चांदणी असते, ती फिरली की पाणी वाहतंय. सगळे नळ बंद असताना फिरली तर कुठंतरी गळतंय. इतकं सरळ यंत्र आहे, यात गोंधळ घालायला माणूसच हवा.

गोंधळ फोटोपासून सुरू होतो. फॉर्मवर लिहिलंय : फोटोत मीटर नंबर आणि रीडिंग दोन्ही स्पष्ट दिसावं. आमच्या मीटरचा नंबर झाकणावर कोरलेला आहे. झाकण उघडलं की रीडिंग दिसतं आणि नंबर पलीकडं तोंड करून बसतो. झाकण लावलं की नंबर दिसतो, रीडिंग गेलं. आणि फोटो एकच जोडायचा. फ्लॅश मारला तर काचेत माझं कपाळ उमटतं. ते स्पष्ट येतं, पण ते कुणी मागितलेलं नाही. शेवटी मावशींनी पर्समधला आरसा काढून झाकणामागं धरला. फोटोत रीडिंग सुलटं, नंबर उलटा आणि कोपऱ्यात मावशींच्या बांगड्या.

खिडकीतल्या ताईंनी तो फोटो मान वाकडी करून बघितला आणि आकडे टाइप केले. काळे ३४७ होते, लाल ६८२. ताईंनी भेदभाव न करता सगळे सलग टाकले : ३४७६८२.

"काका, धंदा कसला तुमचा?"

"भडंगाचा."

"भडंगाला एवढं पाणी?"

सांगलीकर असल्यानं मी हिशोब तिथंच केला. ३४ कोटी ७६ लाख ८२ हजार लिटर. धरणाचं पाणी मोजतात त्या टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटात, सांगायचं तर एक टीएमसी साधारण २८३० कोटी लिटर, म्हणजे माझ्यासारखे ऐंशी-एक भडंगवाले मिळून एक टीएमसी. साडेआठ हजार भडंगवाल्यांनी मनावर घेतलं तर १०५ टीएमसीचं कोयना धरण कोरडं. रांगेत मागं उभे असलेले एकजण म्हणाले, "मग पुराच्या वेळी तुम्ही कुठं असता वो?"

लाल आकडे काढून टाकायला वरच्या साहेबांची सही लागते. टाकायला लागत नाही. साहेब जेवायला गेले होते.

तेवढ्या वेळात मी ताईंना हवेचं दुखणं सांगून टाकलं. पाणी चोवीस तास नसतं. पाइप मधल्या वेळात रिकामा होतो, त्यात हवा भरते. पाणी सुटलं की आधी ती हवा मीटरमधनं सुसाट बाहेर पडते आणि चांदणी भिंगरीसारखी फिरते. नळाला थेंब नाही, नुसतं फुस्स, आणि आकडा चाललाय पुढं. गिऱ्हाईक मला रोज ऐकवतं, "पाकिटात भडंग कमी, हवाच जास्त!" आता मी हवा विकतो हे खरं धरलं तरी निदान ती विकत घेऊन विकतो, एवढं मला त्यांना सांगता येतं.

ताई हसल्या. साहेब आले, सही झाली, लाल आकडे गेले. ३४७ नोंदलं गेलं. आता सरासरी जाऊन खरं बिल येणार म्हणून मी त्या दिवशी दुकानात सगळ्यांना चहा सांगितला. मावशींनी तो मीटरपासून लांब बसून प्यायला लावला.

पुढचं बिल आलं. परत सरासरी. शेरा : 'मीटर नादुरुस्त'.

परत खिडकी. ताईंनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. "बघा की काका. व्यावसायिक कनेक्शनला इतका कमी वापर सिस्टीमला पटतच नाही. तिला वाटतं मीटर अडकलाय."

"अडकलेला नाही वो, हवेवर पण फिरतो म्हणून सांगितलं की मागं!"

"ते मला पटलंय, तिला कसं पटवू?" असं म्हणून त्यांनी तपासणीचा अर्ज पुढं सरकवला आणि आवाज खाली आणून घरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "त्यापेक्षा थोडं पाणी वापरत जावा की."

अर्ज भरून दिलाय. तपासणीला माणूस येणार आहे. त्या वेळी शटर उघडं ठेवा म्हणाले. कधी येणार, ते त्यांनाही माहीत नाही.