एकच मॅथ्यू पॅशन

ठरलं होतं ते एवढंच, की बाख या जर्मन संगीतकाराचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’, म्हणजे येशूच्या अखेरच्या दिवसांची गाऊन सांगितलेली कथा, आपल्या संग्रहात असावं आणि ते एकच असावं. कपाटाचा वरचा कप्पा किशोरीताई आणि मन्सूरअण्णांनी भरलेला, खालचा नवऱ्याच्या क्रिकेटच्या पुस्तकांनी. मधे बोटभर फट उरली होती. तिच्यात सीडींचा एक डबा बरोबर बसत होता. दोन बसत नव्हते.

‘आता सीडी कोण घेतं’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर तयार असतं: पुस्तिकेसाठी. मला जर्मन येत नाही. येशूला कोण धरून नेतंय आणि मधेच ओरडतंय कोण, हे कळायला डाव्या बाजूला जर्मन आणि उजव्या बाजूला इंग्रजी असलेली ती पुस्तिका मांडीवर लागतेच.

आमच्या ओळखीत या विषयातले एक जाणकार आहेत. त्यांना फोन लावला आणि “चांगलं मॅथ्यू पॅशन कुठलं?” असं भाबडेपणानं विचारलं. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “आधी मला सांगा, तुम्ही कुठल्या घराण्याच्या?”

इथेही घराणी आहेत हे मला तेव्हा कळलं. एका बाजूला वाद्यवृंदाचे संचालक ऑटो क्लेम्पेरर. १९६०-६१ सालचं ध्वनिमुद्रण, मोठा वाद्यवृंद, भलामोठा कोरस म्हणजे गायकवृंद आणि लय अशी की आपले अतिविलंबितवालेही घड्याळाकडे बघतील. सुरुवातीचं समूहगान (त्यालाही कोरसच म्हणतात) हे गृहस्थ जवळजवळ बारा मिनिटं चालवतात. दुसऱ्या बाजूला ‘बाखच्या काळची वाद्यं, बाखच्या काळची पद्धत’वाले. त्यांतल्या गार्डिनर या संचालकाच्या १९८८च्या ध्वनिमुद्रणात तोच कोरस सात मिनिटांच्या आसपास आटोपतो. स्वर तेच, शब्द तेच, मग मधली पाच मिनिटं गेली कुठे? जाणकारांनी यावर तासभर सांगितलं. त्या वेळात क्लेम्पेररचे पाच कोरस झाले असते.

बरं, वेगाचं एकदा ठरवता येईल. गाणारे किती असावेत, हे मात्र बाखनंतर पावणेतीनशे वर्षं होत आली तरी ठरलेलं नाही. १९८१ साली जोशुआ रिफ्किन या अमेरिकन संगीतज्ञानं जाहीर केलं, की बाखच्या कोरसात सोप्रानो, आल्टो, टेनर, बास या उंच ते खालच्या चार आवाजांना प्रत्येकी एकच गायक असे. झालं! पिढ्यान् पिढ्या दोन-दोनशे लोक उभे करून गाणाऱ्या मंडळींच्या पायाखालची वाळू सरकली. पुढे पॉल मॅक्रीश या संचालकानं याच हिशेबानं मॅथ्यू पॅशन केलं. दोन कोरस, चार-चार आवाज, म्हणजे सगळं प्रकरण मुख्यतः आठ माणसांत.

पुरावा काय, तर बाखचा अर्ज. २३ ऑगस्ट १७३० रोजी त्यानं लायप्झिगच्या नगर परिषदेला लिहिलेला. नगरपालिकेला अर्ज केलेल्या कुणाही मराठी माणसाचं मन तो वाचून भरून यावं. प्रत्येक कोरसात किमान बारा गाणारे हवेत, सोळा मिळाले तर उत्तम. माणसं आजारी पडतात, निदान एवढी तरी द्या. शेवटी शाळेतल्या मुलांची यादी: कामाची १७, अजून तयार व्हायची २०, निरुपयोगी १७. पुढच्या पिढ्या ज्याच्या पायावर डोकं ठेवतात, त्या माणसाला रविवारी चर्चमध्ये असल्या भांडवलावर गाणं उभं करावं लागत होतं. परिषदेनं काय केलं असेल, ते तुम्हाला-मला सांगायला नको.

गंमत म्हणजे दोन्ही पक्ष हाच अर्ज पुढे करतात. एक म्हणतो, “बघा, त्यानं बारा ते सोळा मागितलेत.” दुसरा म्हणतो, “तो पट आहे हो, गायला उभे राहणारे नव्हेत.” मी पुस्तिका मांडीवर घेऊन दोघांचंही पटवून घेतलं आणि फट होती तिथेच राहिली.

म्हटलं, वाद्यवृंद चालवणाऱ्या कलाकारांवरच सोपवावं. तर त्यांचंही स्वतःशी एकमत नाही. हार्ननकोर्टनं १९७० साली एकही बाई न घेता, मुलं आणि पुरुष एवढ्यांवर पॅशन उभं केलं आणि पुढे पुन्हा बायकांसकट केलं. हेरेवेखेनं दोनदा केलं, सुझुकीनं दोनदा, गार्डिनरनंही दोनदा. ज्यांनी आयुष्य यात घातलं त्यांनाच एकावर थांबता येत नाही, तिथे मी एकावर कशी थांबणार? वर क्रमांकांचा घोळ. जुन्या पद्धतीत पॅशनचे ७८ भाग, नव्या पद्धतीत ६८. पीटर हा शिष्य येशूला तीनदा नाकारतो आणि रडतो, त्यानंतरची ‘एर्बार्मे डिश’ ही एकट्यानं गायची रचना एका डब्यावर ४७ आणि दुसऱ्यावर ३९. तुलना करायला बसलं की एकीकडे पीटर रडतोय आणि दुसरीकडे भलतंच काही चाललंय.

शेवटी ही ‘एर्बार्मे डिश’ मी सासूबाईंना ऐकवली. त्यांचं भजनी मंडळ आहे आणि पेटी त्याच धरतात. क्लेम्पेररकडे ती क्रिस्टा लुडविग गाते. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग मी गार्डिनर लावला, तशी त्यांनी पेटी पुढे ओढली, भाता हलवला, दोन पट्ट्या दाबून पाहिल्या.

“अगं, मघाशी पांढरी सातात होतं. हे काळी पाचात कसं?”

जाणकारांनी मला हे समजावायला ४१५ आणि ४४० असे आकडे वापरले होते. आजच्या वाद्यांचा ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांना लावतात, जुन्या वाद्यांचा ४१५ला, म्हणून सगळं अर्ध्या सुरानं खाली येतं. सासूबाईंनी ते भात्यावरचा हात न काढता सांगितलं.

“बाईला वर जमत नाही वाटतं.”

“आई, ती बाई नाही. मायकेल चान्स म्हणून आहेत, पुरुष आहेत.”

“असू दे की. आम्ही बालगंधर्वांवर वाढलेली माणसं,” असं म्हणून त्यांनी पेटी मिटली.

मग त्यांना चालींची गोडी लागली. कोरस मधून मधून साधी स्तोत्रं गातो. त्यांतली एक चाल पॅशनभर पाच वेळा येते, दर खेपेला निराळ्या शब्दांत आणि बहुतेकदा निराळ्या स्वरसंगतीत. तिसऱ्या खेपेला त्या माझ्याआधी गुणगुणू लागल्या. मी कौतुकानं सांगितलं, की मुळात हे हास्लर या जर्मन संगीतकाराचं १६०१ सालचं प्रेमगीत, चर्चनं नंतर ते उचललं. सांगायला नको होतं.

“म्हणजे यांनी प्रेमगीताची चाल चर्चमध्ये नेली तर थोर, आणि आम्ही सिनेमाच्या चालीवर गवळण बसवली की तुम्ही नाकं मुरडणार!”

यावर कुठल्याच घराण्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांचा कौल क्लेम्पेररला पडला, कारण त्या लयीत टाळ धरता येतो. नवऱ्याचा मॅक्रीशला: “माणसं कमी, लवकर संपतं, आवाजही घरात मावतो.” जाणकारांनी हार्ननकोर्ट सोडून काही घेतलंत तर फोन करू नका असं बजावलं. मला हेरेवेखेचं दुसरं हवं होतं. चारही आले. क्रिकेटची पुस्तकं पलंगाखाली गेली.

आता सेंट जॉन पॅशन घ्यायचं आहे. ते बाखनंच चार वेगवेगळ्या प्रकारे सादर केलं: १७२४, १७२५, १७३२च्या सुमारास आणि १७४९. त्यांतल्या १७२५च्या आवृत्तीची सुरुवात ज्या कोरसानं होते, तो त्यानं पुढे उचलून मॅथ्यूच्या पहिल्या भागाच्या शेवटी बसवला. हे मी जेवताना सांगितलं. नवऱ्यानं घास खाली ठेवला.

“म्हणजे तेवढं आपल्याकडे चार वेळा आहे. दुकानदाराला सांग, वजा करून दे.”