पगार कोणाचा, सही कोणाची?

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "मामा, इंटर्नशिप सक्तीची आहे, पण साइटवर कोणी उभं करत नाही. पैसे भरले की सर्टिफिकेट मात्र मिळतं."

वीस वर्षांपूर्वी मीही असंच एक सर्टिफिकेट घेतलं होतं. ओळखीच्या कंत्राटदाराने लेटरहेडवर सही केली. कागदावर सहा आठवडे होते, प्रत्यक्षात मी तीन दिवस गेलो. पहिल्या नोकरीत मुकादमाने बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळ्यांची लांबी, आकार आणि संख्या यांची यादी, मागितलं, तेव्हा ते करायचं कसं हे मला त्याच्याकडूनच शिकावं लागलं.

आपल्याकडे वाद होतो तो अभ्यासक्रम जुना की नवा, यावर. मग कॉलेज एखाद्या कंपनीशी करार करतं, फोटो छापून येतो. मला वाटतं, खरा प्रश्न पैशाचा आहे: मुलगा साइटवर असताना त्याचा पगार कोण देणार, आणि त्याला शिकवण्यात इंजिनियरचा जो वेळ जाईल त्याची किंमत कोण मोजणार?

इथे बर्मिंगहॅमला माझ्या हाताखाली एकोणीस वर्षांची मुलगी आहे. चार दिवस साइटवर, पाचव्या दिवशी विद्यापीठात. बांधकाम व्यवस्थापनाची पदवी ती अशी घेते आहे. इंग्लंडमध्ये ही पद्धत २०१५ पासून आहे. पगार कंपनी देते. फीचा भार तिच्यावर नाही. वर्षाला ३० लाख पौंडांहून जास्त पगार वाटणाऱ्या कंपन्यांकडून एप्रिल २०१७ पासून वरच्या रकमेवर अर्धा टक्का वसूल होतो, त्यातून फी जाते. बांधकामासाठी प्रशिक्षणाची वेगळी पट्टी तर १९६४ च्या कायद्यापासूनची. भरलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून कंपनी मुलांना घेते, आणि पगार देतेय म्हणून त्यांच्याकडून खरं काम करून घेते. काँक्रीट आलं की ते किती पातळ हे पाहणारी स्लंप चाचणी ती घेते, ताकद तपासायचे क्यूब ती भरते, नोंद ती करते. तिच्या वहीवर सही करताना मी विचार करतो, कारण उद्या तीच माझी साइट सांभाळणार आहे.

इथलं सगळंच आदर्श आहे असं नाही. या निधीतला बराच पैसा कंपन्यांनी आधीच स्थिरावलेल्या अधिकाऱ्यांच्या पदव्युत्तर शिक्षणावर घातला. शेवटी सरकारने जानेवारी २०२६ पासून त्या पातळीचा निधी मुख्यतः २१ वर्षांपर्यंतच्यांपुरता ठेवला. शिवाय एकाच कंपनीत पाच वर्षं काढलेल्या मुलीला दुसऱ्या प्रकारचं काम दिसत नाही, ही माझी खरी काळजी आहे.

आपल्याकडे ही परंपरा नाही असंही नाही. पुण्याचं सीओईपी हे इंजिनियरिंग कॉलेज १८५४ मध्ये सुरू झालं तेच सार्वजनिक बांधकामांना माणसं हवी होती म्हणून. बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी निकमार ही संस्था बांधकाम उद्योगाने १९८३ मध्ये उभी केली. लार्सन अँड टुब्रो आयआयटीतल्या एम.टेक.साठी शिष्यवृत्ती देते. पण तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला यातलं काय मिळतं?

बांधकाम खर्चावर १९९६ च्या कायद्यापासून १ टक्का उपकर घेतला जातोच, असं कोणी म्हणेल. तो मजुरांचा आहे. त्यांच्यापर्यंतही तो धड पोचत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेच सुनावलं आहे. त्याला हात लावू नये. मार्ग निविदेतून निघतो. लंडनच्या क्रॉसरेल या भुयारी रेल्वेसाठी बोगद्यांचं काम शिकवणारी अकादमी इलफर्डला २०११ मध्ये उघडली. मुंबईच्या पोटातून मेट्रो ३ चे ३३.५ किलोमीटर गेले. अशा प्रत्येक सरकारी कामाच्या निविदेत अट घाला: इतके विद्यार्थी, इतके महिने, पगारावर आणि विम्यासह. अट पाळली नाही तर बिलातून कापा.

भाच्याला म्हटलं, सर्टिफिकेट विकत घेऊ नकोस, जवळच्या साइटवर जाऊन स्लॅबच्या सळ्या मोजायला शीक. तो गेला. दुसऱ्या दिवशी तिथल्या इंजिनियरने त्याला गेटवरूनच परत पाठवलं: "तुला काही झालं तर जबाबदार कोण?"

त्या इंजिनियरचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.