भोपळ्यातल्या म्हातारीचा बीएमआय

मुलांना पोषणाचं शिक्षण द्यायचं ठरवलंच असेल, तर सुरुवात त्या म्हातारीपासून करा. तीच ती, लेकीकडे निघालेली. वाटेत वाघ आडवा येतो तर ही त्याला सांगते, आधी लेकीकडे जाऊ दे, तूप-रोटी खाऊ दे, जाडजूड होऊ दे, मग खा मला. पिढ्यान्‌पिढ्या आपण पोरांना ही गोष्ट सांगून झोपवत आलो आणि कुणालाही खटकलं नाही की जाडजूड होणं हे इथे चक्क आयुष्याचं ध्येय आहे! वर परतीचा सगळा प्रवास भोपळ्यात बसून. म्हणजे चालणं शून्य. ही गोष्ट आजपासून बंद. सांगायचीच असेल तर म्हातारी लेकीकडे महिनाभर काकडी-टोमॅटो खाते आणि परत येते तेव्हा वाघ तिला ओळखतच नाही, अशी सांगा.

मग वजनकाटा. घरात तो कुठेही चालतो, शाळेत मात्र वर्गाच्या पुढ्यातच हवा, फळ्याखाली. मुलांना हजेरीच्या क्रमाने बोलवावं, बाईंनी आकडा मोठ्याने वाचावा आणि मॉनिटरने मागच्या बाकावर बसून तो लिहून घ्यावा. म्हणजे मॉनिटर ‘किती, बाई?’ म्हणून ओरडतो, बाई पुन्हा सांगतात, आणि शेजारच्या ब तुकडीलाही कळतं. माझी भाची सहावीत असताना तिच्या वर्गात हे अगदी असंच पार पडलं. तोवर वजन दप्तराला असतं एवढंच तिला ठाऊक होतं. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात एक काडीपैलवान, एक अगरबत्ती आणि एक भोपळा अशी तीन बारशी उरकली. भोपळा म्हणजे आमची भाची. एका तासात मूल इतकं शिकतं असा दुसरा विषय मला दाखवा.

नुसत्या वजनावर थांबू नका, बीएमआय काढा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे सूत्र १८३०च्या दशकात अडॉल्फ केटले या बेल्जियन गृहस्थांनी मांडलं. ते डॉक्टर नव्हते. ताऱ्यांचा आणि आकड्यांचा अभ्यास हे त्यांचं काम; ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते त्यांना शोधायचं होतं, कुणा एकाची तब्येत बघायची नव्हती. १९७२ साली अमेरिकेत अँसल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’, म्हणजे बीएमआय, हे आजचं नाव दिलं. हा इतिहास मुलांना सांगायचा नाही, आकड्याचा धाक जातो. वाढत्या मुलांना मोठ्यांची मोजपट्टी लागत नाही, वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्ता बघावा लागतो, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी असे तक्ते २०१५ साली काढून ठेवले आहेत, हेही विसरा. वयात येताना मुलगी अंग धरते, धरायलाच हवं, हे तर अजिबात बोलू नका. तक्ता उघडायला दोन मिनिटं जातात. ‘ओव्हरवेट’ एका दमात म्हणता येतं.

आणि घाबरू नका, विज्ञान तुमच्याच बाजूने आहे. आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून भारतीय मोठ्यांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात. हे खरं आहे. खरं आहे हीच तर सोय. खऱ्या गोष्टीच्या आडोशाला उभं राहून मारलेला टोमणा कुणाला परतवता येत नाही. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतेय हो’ म्हटलं की झालं.

काहींना हे सगळं छापील हवं असतं. त्यांनी अमेरिकेचा कित्ता गिरवावा. अर्कान्सास राज्याने २००३ साली कायदा करून शाळेत मुलांचा बीएमआय मोजायला आणि आईबापांना कळवायला सुरुवात केली. पुढे कॅलिफोर्नियातल्या ७९ शाळांत या पद्धतीची रीतसर चाचणी झाली. घरी पत्रं गेली, वजनं जिथल्या तिथे राहिली. मुलांचं स्वतःच्या वजनाबद्दलचं समाधान मात्र घटलं. निराश होऊ नका. दोन गोष्टींपैकी एक तर साधली ना?

आपल्याकडे २०२५च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. रोज किती साखर चालते, कोल्ड्रिंकच्या बाटलीत किती असते, वगैरे. मुलांच्या रोजच्या उष्मांकांत साखरेचा वाटा ५ टक्के असावा, तो १३ ते १५ टक्क्यांवर गेलाय, असं परिपत्रकात होतं. त्यानंतर तेलाचाही बोर्ड आला. आता मुलांना हे कळावं यात वाईट काय आहे? काहीच नाही. कोल्ड्रिंकमधली साखर मलाही बोर्डावर वाचूनच कळली आणि मी ते सोडलं. पण परिपत्रकाच्या शेवटी १५ जुलैच्या आत अहवाल आणि फोटो पाठवायचे होते, आणि खरी शैक्षणिक गंमत तिथे आहे. फोटोत बोर्ड येतो. पीटीचा तास फोटोत येत नाही, तो गणिताच्या बाईंनी पोर्शन संपवायला घेतलेला असतो. मैदानही येत नाही, कारण तिथे स्कूलबस लागलेल्या असतात. कार्डबोर्ड, स्केचपेन आणि साखरेच्या पिशव्या मिळून खर्च दोन-तीनशे रुपये. मैदानाला जागा लागते हो.

बोर्ड लागला की पुढचं काम मुलं आपणहून करतात. एकमेकांच्या डब्यात डोकावतात. ‘ए, साबुदाण्याची खिचडी? ती अनहेल्दी असते.’ ज्या डब्यात आईने पहाटे उठून शेंगदाण्याचं कूट घातलेलं असतं, तो संध्याकाळी तसाच परत येतो. ओरडू नका. मुलगी ज्ञान घरी आणतेय.

शाळा मात्र वर्षातून दोनदाच मोजते. बाकीचे दिवस तुमचे आहेत. विशेषतः सणवार. गणपतीला आमच्याकडे सगळं गोत जमतं, आणि पाहुणी चप्पल काढायच्या आत वजनाचा हिशेब झाला पाहिजे अशी शिस्त आहे. ‘अगोबाई, किती सुटलीस गं!’ हे उंबऱ्यात. ‘लग्नाचं बघायचंय ना आता?’ हे पाण्याच्या भांड्याबरोबर. जी खरोखर बारीक झालेली असते तिला ‘सासरी जेवायला घालत नाहीत वाटतं?’ असा पर्याय ठेवलेला आहे. कुणी उपाशी जाऊ नये. पुढची पायरी कौशल्याची. तासाभराने पान वाढलं की तीच काकू त्याच मुलीच्या पानात न विचारता मोदक ठेवते, वर तुपाची धार धरते, आणि मुलगी ‘नको’ म्हणाली तर रुसते. ‘एका मोदकाने काय होतंय? आमच्या हाताला चव नाही म्हण सरळ.’ मुलीने खाल्ला की टेबलाच्या त्या टोकाकडून ‘खातेय बघ कशी, मग वजन वाढलं म्हणून रडायचं.’ खाल्लं तरी चूक, नाही खाल्लं तरी चूक. असा अभ्यासक्रम कुठल्याही विद्यापीठाला बसवता आलेला नाही.

आमच्या घरात एक स्टीलचं फुलपात्र आहे, मला सुदृढ बालक स्पर्धेत मिळालेलं. मी दहा महिन्यांचा होतो आणि फक्त लठ्ठपणाच्या जोरावर जिंकलो. आई ते अजून पाहुण्यांना दाखवते. माझ्या भाचीनेही बाळपणी असंच बाळसं धरलं होतं, तेव्हा तिच्या दंडाच्या वळ्यांचे पापे घ्यायला रांग लागायची. त्या वळ्या कौतुकातून नेमक्या कुठल्या वाढदिवसाला बाद होतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सहावीत समजलं.

आयांसाठी वेगळी सूचना: मुलीला काहीच शिकवू नका, फक्त तिच्यासमोर जगा. सकाळी काट्यावर उभं राहा आणि उतरताना ‘शी!’ म्हणा. आरशासमोर पोट आत ओढा. सगळ्यांना गरम पोळ्या वाढून स्वतः वाटीभर सूप घेऊन बसा. श्रीखंड खाताना ‘आज पाप केलं’ म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त घ्या. बाबांनी महाराष्ट्रातल्या दोन्ही आहारपंथांचं आलटून पालटून पालन करावं: तीन महिने दीक्षितांप्रमाणे दोनदाच, ५५ मिनिटांत, मग कंटाळून दिवेकरांप्रमाणे तूप. मुलगा असेल तर त्याला भुकेऐवजी दंडाचा घेर मोजायला लावा आणि प्रोटीन पावडरचा डबा देव्हाऱ्याच्या उंचीवर ठेवा.

एकत्र जेवण मात्र टाळा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली लिहून ठेवलंय की घरात वजनावर बोलणं, चिडवणं आणि मुलांचं डाएटिंग यांचा लठ्ठपणाशीही संबंध दिसतो आणि खाण्याच्या आजारांशीही; घरच्यांबरोबर बसून जेवणाऱ्या मुलांना मात्र त्यातून काहीसं संरक्षण मिळतं. एवढा खटाटोप करून मूल शेवटी वरण-भात-लिंबू खात गप्पा मारू लागलं, तर शिक्षण वाया गेलं म्हणायचं.

घरच्यांच्याने जमत नसेल तर पडद्यावर सोपवा. फिजीच्या एका भागात १९९५ साली टीव्ही पोचला. तिथेही आपल्या आजीसारखंच, भरलेलं अंग म्हणजे खात्यापित्या घरची खूण होती. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने तिथल्या शाळकरी मुलींना खाण्याबद्दलचे प्रश्न विचारले: टीव्ही नवा असताना १२.७ टक्के मुलींची उत्तरं काळजीची होती, तीन वर्षांनी २९.२ टक्के. तोही साधा टीव्ही. तुमच्या मुलीच्या हातात तर रील्स आहेत.

भाची आता आठवीत आहे आणि फळं दिसू लागली आहेत. तिला पदार्थांच्या पाठीवरची बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतात. ती एकटी जेवते, म्हणजे तसं सांगते. पाककृतींचे व्हिडिओ तासन्‌तास बघते आणि सगळ्यांना करून वाढते. यावरून मला बीएमआयला नाव देणारे तेच कीजसाहेब आठवले. १९४४-४५ साली त्यांनी मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या अन्नावर ठेवलं होतं. त्यातले काही पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटल्या चाटायला लागले, चिडके झाले, उन्हाळ्यात कुडकुडायला लागले. पण ते प्रयोगातले लोक. आमच्या मुलीच्या बाबतीत हा तिचा कामसूपणा आहे. ताईचं फक्त एवढंच म्हणणं होतं की केस फार गळतात आणि पाळी तीन महिने आली नाही. मी म्हटलं, अभ्यासाचा ताण असेल. ताई म्हणाली, ‘अरे, डॉक्टरकडे नेऊ का?’ मी म्हटलं, वर्गात पहिली आलीय ना?

यंदा दिवाळीआधी आई लेकीकडे डोंबिवलीला गेली. महिनाभर राहिली. परत आली ती जाडजूड होऊन नाही; त्या घरात आता तूप नसतं. पण आजी-नातीने मिळून बेसनाचे लाडू केले म्हणे. आई अंदाजाने वळते, हाताला येईल तसा. नातीने एकेक लाडू काट्यावर ठेवला आणि चाळीसच्या चाळीस एका वजनाचे केले. आईने पहिला देवापुढे ठेवला आणि दुसरा तिच्या तळहातावर. ती म्हणाली, ‘आजी, वास मस्त आलाय.’ मग तो लाडू तिने परत डब्यात रचला, ओळीत, आणि टिश्यूने बोटांचं तूप पुसलं. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. आई मात्र मला फोनवर पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, लाडू कढत होते रे, आणि पोरीचे हात गारच. म्हाताऱ्या माणसांना काहीतरी लागतंच.